खिशातले पाते

वडिलांच्या खिशातील लाकडी मुठीचा चाकू पेरूच्या सारख्या चार फोडी करी. त्याचे भय कुणालाच वाटत नसे. तोच चाकू मी स्टाफरूममध्ये पुस्तकांच्या गठ्ठ्याची सुतळी कापण्यासाठी उघडला, तेव्हा शेजारच्या बाई नकळत मागे सरकल्या. वस्तू तीच, अर्थ मात्र बदललेला. त्यानंतर मी व्हिक्टोरिनॉक्सचा ‘क्लासिक’ निवडला : मिटल्यावर ५८ मिलिमीटर, वजन जेमतेम २१ ग्रॅम, सोबत इवलीशी कात्री आणि नखांची कानस. किल्ल्यांच्या जुडग्यात तो कुणाच्या नजरेसही येत नाही. सुतळीला, जुन्या पुस्तकांची जोडलेली पाने सोडवायला तो पुरेसा आहे. पेरूच्या आरपार मात्र त्याचे पाते जात नाही. चारी बाजूंनी छेद द्यावे लागतात आणि फोडी कधीच सारख्या होत नाहीत.