देख आणि बघ

देवासच्या मराठी घरांत एक वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. नातू अंगणातून ओरडतो, 'आजी, देख, मोर!' आणि आजी आतूनच दुरुस्त करते, 'देख नाही रे, बघ म्हणावं.' धारलाही हेच. अठराव्या शतकात मराठा सरदार पवारांच्या मागोमाग माळव्यात आलेल्या या घराण्यांची शाळा हिंदी, बाजार माळवी आणि मराठी उंबऱ्याच्या आतली. 'देख' आत शिरलं की म्हाताऱ्यांना घराची भिंत खचल्यासारखं वाटतं.

मला मात्र पोराची बाजू घ्यावीशी वाटते. 'देखणे' आपलंच आहे, ज्ञानेश्वरीत ते पानोपानी भेटतं. पुण्यामुंबईकडच्या बोलण्यात ते क्रियापद म्हणून मागे पडलं. तरी देखणा, देखावा, देखरेख, डोळ्यांदेखत, देखल्या देवा दंडवत, यांतून ते हललेलं नाही. सातपुड्याखाली खानदेशात अहिराणी घरांत तर 'देख' रोजचंच.

आजीची काळजी खोटी नाही, ती चुकीच्या दाराशी उभी आहे. नवा शब्द आल्याने भाषा आटत नाही; जुन्या शब्दाची कामं एकेक करून सुटत गेली की आटते. आणि 'बघ'चा जुळा भाऊ 'पाहणे' हा शब्द किती कामं करतो! वैद्य नाडी पाहतो, आई भाताची शितं दाबून पाहते, पावसाळा शेतकऱ्याचा अंत पाहतो. तुकोजी आणि जिवाजी पवार या भावांच्या वंशजांनी देवास संस्थानाच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचा कारभार 1948पर्यंत एकाच गावात वेगवेगळा पाहिला.

त्याच 1948 साली कुमार गंधर्व क्षयाने आजारी पडून देवासला राहायला आले. ऐन पंचविशीच्या उंबरठ्यावरचा गवई, आणि गाणं बंद. ही बंदी काही वर्षं टिकली. पत्नी भानुमतीबाईंनी त्यांचं दुखणं पाहिलं. कुमारांनी स्वतः वाट पाहिली. खाटेवर पडल्यापडल्या कानांवर येणारी बायकांची माळवी गाणी त्यांनी मन लावून ऐकली, आणि त्या चारपाच स्वरांत राग कुठे दडलाय हे शोधलं. पुढे त्यांनी लोकधुनांतून नवे राग बांधले. गळ्याला मनाई असताना कानांनी केलेल्या या कामाला मराठीत नाव आहे: ऐकून पाहणे. चाखून, हुंगून, गाऊन, शिवून, कशालाही 'पाहणे' जोडलं की त्यात धीर आणि कुतूहल दोन्ही येतात. कुमारांचं देवासचं आयुष्य मला याच क्रियापदात सापडतं.

म्हणूनच देवासच्या मराठीत हल्ली ऐकू येणारं 'तुझा इंतजार करत होते' मला 'देख'पेक्षा कितीतरी जास्त खुपतं. 'वाट पाहणे' म्हटलं की खरोखरची वाट समोर येते, तिच्या वळणाकडे लागलेले डोळे येतात, पोळ्या झाकून ठेवलेलं ताट येतं. 'इंतजार' सुंदर शब्द आहे, उर्दू गझलेत तर तो राजाच. पण आपल्या स्वयंपाकघरात तो येऊन बसला की वाट दिसेनाशी होते.

तेव्हा आजी, मोराच्या वेळी नातवाला अडवू नका. इंदूरची बस उशिरा आली आणि तो 'इंतजार केला' म्हणाला, तर मात्र तिथेच थांबवा आणि 'वाट पाहिली' हे त्याच्या तोंडून एकदा वदवून घ्या.