दह्यावरचा खटला

संगमनेर,
गौरी विसर्जनानंतरचा रविवार

चि. बेबी हिस अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा फोन मिळाला. पण फोनवर तुझ्याशी नीट बोलणं होत नाही. तू मध्येच शिंकतेस आणि मी मध्येच रागावते. म्हणून लिहायला बसले. लांबेल. चहा घेऊन बस, बिनदुधाचा का होईना.

गौरी जेवायच्या दिवशी तू पानावर बसलीस आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढलास, ते काही डोळ्यांपुढून हलत नाही. बेचाळीस पदार्थ आणि प्रत्येकापुढे लाल, पिवळा नाहीतर हिरवा ठिपका. गहू लाल, दूध लाल, हरभरा लाल, तूरडाळ पिवळी. म्हणजे पुरणपोळी गेली, कटाची आमटी गेली, कढी गेली, वरणही गेलं. वहिनीने पहाटे चारला उठून सोळा भाज्या रांधल्या होत्या आणि तू भात नि मुगाचं पाणी घेऊन उठलीस. ती काही बोलली नाही. पण उष्टी काढताना तुझ्या पानातली न मोडलेली पोळी बराच वेळ तिच्या हातात होती.

तुझा त्रास खोटा आहे असं मी म्हणत नाही. सकाळी उठल्यावर भुवयांच्या वर कुणी वरवंटा ठेवलाय असं वाटणं, वाकलं की गालाच्या हाडात ठणका, एक नाकपुडी बंद तर दुसरी वाहती, हे सगळं मी तुझ्या आधी दहा वर्षं भोगलंय. 'मला सायनस आहे' असं मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा कान-नाक-घशाचे डॉक्टर हसले. म्हणाले, "बाई, सायनस सगळ्यांनाच असतात. नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्या त्या, चार जोड्या. तुमच्या सुजल्यात, एवढंच."

आईकडे तर दोनच निदानं होती: दही आणि दृष्ट. मीठ-मोहरी आणि सुक्या मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची आणि विचारायची, "खाट आला का गं?" माझं नाक पार चोंदलेलं, मला खाट येणार कुठून? मी म्हणायची, "नाही." झालं! खाट आला नाही म्हणजे दृष्ट जबरदस्त. एकदा तिने लागोपाठ तीन संध्याकाळी मिरच्या जाळल्या. शेवटी शेजारच्या विड्या वळणाऱ्या मावशी उंबऱ्यात येऊन पोटभर खोकून गेल्या. जन्मभर तंबाखूची धूळ खाल्लेली बाई ती, तिलासुद्धा सोसलं नाही.

दृष्टीचं एक वेळ हसण्यावारी जाईल. दह्याला मात्र जन्मठेप झाली. रात्री दही खाऊ नये हे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आहे. आईने चरक वाचला नव्हता, पण त्याचं हे म्हणणं तिच्या चुलीपर्यंत बरोबर पोचलं होतं. त्याच ग्रंथात सात्म्याचाही विचार आहे, ज्याच्या अंगाला जे सवयीचं त्याला ते मानवतं, असा. तो काही आपल्या घरी पोचला नाही. मी पंचवीस वर्षं दह्याला हात लावला नाही आणि पंचवीस वर्षं शिंकत राहिले. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत हे कुणालाच खटकलं नाही, मलाही नाही.

आपल्याकडे यासाठी शब्द किती नेमके आहेत बघ. बाबांना दूध सोसायचं नाही. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालणारा माणूस, पण कपभर प्यायला की पोट डब्ब. ताक मात्र तांब्याने पीत. विरजणातले जंतू दुधातली साखर थोडी आधीच खाऊन टाकतात, म्हणून. ते पोटाचं दुखणं, नाकाशी त्याचा संबंध नाही. आत्याला वांगं मानवायचं नाही. भरीत खाल्लं की जीभ आणि ओठ खाजायचे. तिचं आपण सगळे हसून घालवायचो. म्हैसूरच्या संशोधकांनी वांग्याच्या ॲलर्जीवर रीतसर अभ्यास केला, २००८ साली तो छापून आला आणि बायकांत हे जास्त आढळतं असं निघालं. आत्याची माफी मागायची राहून गेली. आणि दादाच्या मधल्याला शेंगदाणा बाधतो. खरोखरचं बाधणं ते. चौथीत असताना उपासाची खिचडी खाऊन अर्ध्या तासात त्याचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास घरघरायला लागला. दादाने मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखाना गाठला तेव्हा कुठे इंजेक्शनने उतरलं. तिथे वही नाही नि प्रयोग नाही. शेंगदाणा घरातून हद्दपार, कूट चिमूटभरही नाही. 'थोडं थोडं देऊन बघू' म्हणणाऱ्या पाहुण्यांना वहिनी अजून दारातूनच परत पाठवते, आणि बरोबर करते.

सोसत नाही, मानवत नाही, बाधतं. तीन वेगळ्या गोष्टी. तुझ्या कागदावर तिन्हींना एकच लाल ठिपका आहे.

आता वहीचं सांगते. निवृत्त झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात डोकं इतकं जड व्हायला लागलं की मी शंभर पानी वही घेतली आणि हजेरीपटासारखे रकाने आखले: तारीख, काय खाल्लं, किती वाजता, काय झालं. दह्याचा पुन्हा एकदा रीतसर खटला चालवावा म्हणून मुद्दाम दही सुरू केलं. डॉक्टरांनी वही चाळली आणि एकच म्हणाले, "ताटातलं सगळं लिहिलंय. ताटाबाहेरचंही लिहा. दिवसभर काय केलं, कुठे होता." मी पाचवा रकाना आखला, थोडी नाखुशीनेच.

पहिला निकाल मासवडीचा लागला. दादाकडे मासवडी झाली की रस्सा पहिल्या घासाला कपाळ आणि दुसऱ्याला नाक गाठतो. बाबा खांद्यावर टॉवेल टाकूनच बसायचे, आठवतं? मी लिहिलं: 'मासवडी. लगेच नाक वाहिलं.' पुढच्या वेळी घड्याळ लावून बघितलं. जेवण संपलं आणि थोड्याच वेळात नाक कोरडं, शिंक एकही नाही, दुसऱ्या दिवशी डोकं हलकं. ही ॲलर्जीच नव्हे. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या-नाकातल्या ज्या मज्जातंतूंना भाजल्याची वर्दी देतं, त्यांच्यावरची जागा डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधली आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. नाकाला वाटतं आग लागली, म्हणून ते पाणी सोडतं. बिचारं आपलं काम करतंय. मासवडी निर्दोष सुटली.

दह्याचा निकाल लागायला मात्र वेळ लागला. दादाच्या मळ्यातली कांद्याची चाळ तू पाहिलीस, पण पावसाळ्यात आत कधी बसली नाहीस. उन्हाळ कांदा एप्रिलात भरायचा आणि पुढे बाजारभाव बघत बघत फोडायचा. फोडला की निवडायला बसायचं: सडका वेगळा, मोड आलेला वेगळा, काजळी धरलेला वेगळा. मी हौसेने जाते, वहिनीशी गप्पा होतात. हात मनगटापर्यंत काळे होतात आणि पत्र्याच्या फटीतून ऊन आलं की हवेत काळा भुगा तरंगताना दिसतो. दुपारी तिथेच भाकरी, ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा दह्यात. दुसऱ्या दिवशी वरवंटा. आणि मी अगदी प्रामाणिकपणे लिहीत होते: 'काल दुपारी दही. आज डोकं जड.'

दोन महिन्यांनी वही आडवी न वाचता उभी वाचली. घरी खाल्लेल्या दह्यानंतर काही नाही. मळ्यावर खाल्लेल्या दह्यानंतर दर वेळी. तरीही मला वाटलं, मळ्यावरचं दही आंबट असेल! इतकं मन त्या दह्याच्या मागे लागलेलं. मग आषाढी एकादशीचं पान आलं. त्या दिवशी उपास धरून मी चाळीवर गेले होते. दही नाही, कांदा नाही, डब्यात फक्त उकडलेली रताळी. दुसऱ्या दिवशीच्या रकान्यात माझ्याच अक्षरात: 'वरवंटा.'

काजळी म्हणजे बुरशी, ॲस्परजिलस नायजर. निवडताना तिचे बीजाणू उडतात आणि मी तीन-तीन तास ते नाकात ओढत होते. पुढे नाशिकला हातावर थेंब टाकून सुईने टोचण्याची चाचणी केली. पंधरा-वीस मिनिटांत बुरशीच्या थेंबाखाली गांध उठली, गाजर गवताच्या खाली त्याहून मोठी (बांधावर ते पावसाळ्यात फुललेलं असतंच), आणि दुधाखाली काहीही नाही. कातडी स्वच्छ. मी त्या स्वच्छ ठिपक्याकडे बघत राहिले. पंचवीस वर्षांच्या कढ्या, श्रीखंडं, दहीभात आठवले.

नुसत्या अन्नाने फक्त नाकच धरलंय असं क्वचित होतं, असं डॉक्टर म्हणाले. अन्नाची खरी ॲलर्जी असेल तर बहुधा कातडी, ओठ, पोट हेही बोलतात. पण आपण ताटालाच धरतो. श्वास दिवसभर चालू असतो, त्याची कुणी नोंद ठेवत नाही. घास मात्र दिसतो, मोजता येतो, त्याला नाव असतं.

आपणच असे नाही, म्हणून सांगते. आपल्या संगमनेरचे शाहीर अनंत फंदी १८१९ साली गेले. त्याच साली लंडनमध्ये जॉन बोस्टॉक नावाच्या डॉक्टरने डॉक्टरांच्याच सभेत एका रोग्याचं गाऱ्हाणं वाचलं: दर उन्हाळ्यात डोळे लाल, नाक वाहतं, शिंका. रोगी तो स्वतःच होता. त्याने दोष दिला उन्हाच्या तापाला. खरा गुन्हेगार गवताचे परागकण आहेत हे चार्ल्स ब्लॅकलीने स्वतःवर प्रयोग करून छापलं ते १८७३ मध्ये. चोपन्न वर्षं ऊन तुरुंगात! त्या मानाने माझं दही लवकर सुटलं.

दुधाने कफ होतो याचीही परीक्षा झालेली आहे. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला साठ जणांच्या नाकात मुद्दाम सर्दीचा विषाणू सोडला, कोण किती दूध पितो ते लिहून घेतलं आणि नाकाचा शेंबूड चक्क तोलला. १९९० साली निकाल छापला: दुधाने शेंबूड वाढत नाही. पुढे त्यांनी चव झाकून काहींना गाईचं दूध दिलं आणि काहींना सोयाचं. घशात दाट वाटतं हे दोन्हीकडच्यांनी सारखंच सांगितलं. किळस आली असेल तर सोड, पण शेंबूड तोलणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

आता तुझा कागद. १९२१ मध्ये जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ गावात क्यूस्टनर नावाच्या डॉक्टरला शिजवलेला मासा बाधायचा. त्याचा सहकारी प्राउस्निट्झ याने क्यूस्टनरच्या रक्तातली लस स्वतःच्या कातडीत टोचून घेतली आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क. मासा मजेत खाणाऱ्या प्राउस्निट्झच्या अंगावर तेवढ्याच जागी गांध! म्हणजे बाधा रक्तातून उचलून दुसऱ्याला देता येते. ते रक्तातलं द्रव्य नेमकं सापडायला १९६६ उजाडलं: इशिझाका नावाच्या जपानी नवराबायकोने शोधलेलं आयजीई. तुझ्या कागदावर वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात काय लिहिलंय ते मी चष्मा लावून वाचलं. आयजीजी. ते वेगळं. आपण जे नेहमी खातो त्याच्याविरुद्ध थोडं आयजीजी रक्तात असतंच; अंगाला त्या पदार्थाची ओळख आहे, एवढाच त्याचा अर्थ. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांनी २००८ मध्येच सांगितलंय की अन्न बाधतं का हे ठरवायला ही तपासणी वापरू नये. तुझी यादी पुन्हा वाच: गहू, दूध, हरभरा, तूर, टोमॅटो. ती तुझ्या दुखण्याची यादी नाही गं, तुझ्या स्वयंपाकघराची आहे. किती पैसे घेतले त्याचे ते मी विचारत नाही, मला कळलं तर झोप येणार नाही.

सगळं एकदम सुरू कर असंही मी म्हणत नाही. तुझ्या डॉक्टरांना हे दाखव आणि मग एकेक पदार्थ परत आण, आठवड्याला एक, वहीत लिहून. ओठ सुजणं, गांधी, दम लागणं असं कशाने कधी झालं असेल तर तो पदार्थ घरी करून बघायचा नाही. आपल्या मधल्याचं विसरू नकोस.

आणि एक. जाताना तू सहज म्हणालीस की पलंगामागच्या भिंतीला या वर्षी पुन्हा ओल आली, म्हणून तिथे कपाट सरकवून झाकलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच फिरतंय. तू रात्री कुठल्या कुशीवर झोपतेस? कपाट बाजूला करून मागे बघ. एकटी ओढू नकोस, तुझ्या घरच्यांना हाताशी घे, आणि नाकाला ओलं फडकं बांध. भिंत काळी असेल तर मला त्याच दिवशी फोन कर, शिंकत का होईना.

सोबत वही पाठवते आहे. साठ पानं कोरी आहेत. रकाने मी आखून दिलेत, पाचवा थोडा रुंद ठेवलाय.

तुझी,
ताई

ता. क. वहिनीने पुरण काढून फ्रीजरमध्ये ठेवलंय. तिने हे तुला सांगू नको म्हटलं होतं.