मरुभूमीच्या प्रवासाची सिद्धता

प्रवासाची वर्णने पुष्कळ लिहिली जातात. प्रवासाच्या बेताविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. प्रवास यथासांग पार पडला, म्हणजे त्यापूर्वी झालेले वाद, खोडलेले कागद आणि पुनःपुन्हा मांडलेल्या बेरजा मनुष्य सहज विसरून जातो. याकरिता निघण्यापूर्वीच हे चार शब्द लिहून ठेवावे, असे मी योजिले. येत्या नाताळच्या सुटीत माझे वडील, धाकटा बंधू व मी असे तिघे जण, आमची मोटार आम्हीच हाकीत, नगराहून राजस्थानातील जैसलमेरच्या वाळवंटात जाणार आहोत. आपल्या शहराचे सरकारी नाव २०२४ सालापासून अहिल्यानगर असे झाले आहे. परंतु वडिलांच्या तोंडी अजून नगरच बसले आहे, म्हणून येथेही तेच ठेवितो.

वाळवंट पाहण्याची हौस हे या प्रवासाचे कारण नव्हे. कारण एक पक्षी आहे. वडिलांचे, ज्यांस आम्ही अण्णा म्हणतो, बालपण कर्जत तालुक्यातील एका लहान गावी गुरे राखण्यात गेले. त्या काळी गावाबाहेर कोसभर नुसता गवताळ माळ होता आणि त्या माळावर माळढोक हिंडत असे. उंची सुमारे एक मीटर, मान पांढरी, डोक्यावर काळी टोपी, आणि चाल एखाद्या गावकारभाऱ्याने आपले शेत पाहत जावे तशी संथ. हे वर्णन मी पुस्तकातून घेतलेले नाही. अण्णांनी ते इतक्या वेळा सांगितले आहे की, मी स्वतः तो पक्षी कधी पाहिला नाही याची आठवण मला मुद्दाम ठेवावी लागते.

या पक्ष्याकरिता सरकारने १९७९ साली सोलापूर व नगर या दोन जिल्ह्यांत मिळून अभयारण्य स्थापिले. त्याचा विस्तार कागदावर सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होता आणि आपल्याकडील कर्जत व श्रीगोंदे हे तालुके त्यात येत. पुढे ते बरेच आटविण्यात आले. शेजारच्या रेहेकुरीस काळवीट आजही दिसतात. माळढोक मात्र आपल्या जिल्ह्यातून गेल्यासारखाच आहे, आणि सोलापूरजवळच्या नान्नज येथेही त्याचे दर्शन हा दुर्मिळ योग समजला जातो. शिकार झाली, माळ नांगरले गेले, कित्येक ठिकाणी गवताळ रान ओसाड समजून त्यावर झाडे लावण्यात आली. विजेच्या तारांनीही पुष्कळ पक्षी मारले, कारण या जड पक्ष्यास समोरचे नीट दिसत नाही आणि उडता उडता चटकन वळताही येत नाही. आणखी एक कारण आहे, ते उच्चारताना आमच्या घरी सर्वांचाच आवाज खाली येतो. कुकडीच्या कालव्याचे पाणी श्रीगोंदे-कर्जतकडे आले आणि जेथे गवत होते तेथे ऊस उभा राहिला. अण्णांनी १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडली आहे व सुकडी खाऊन दिवस काढिले आहेत. ते म्हणतात, "पाणी आलं, पाखरू गेलं. पण पाणी नको होतं म्हणायला माझी जीभ रेटत नाही." यावर मला आजवर उत्तर सुचलेले नाही.

आज हा पक्षी साऱ्या भारतात दीडशेच्या आसपास उरला असावा, आणि त्यांतील बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात आहेत. तेथे त्यास गोडावण म्हणतात. तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे. जैसलमेरजवळील सम येथे २०१९ पासून त्याची अंडी उबवून पिले वाढविण्याचा प्रयत्न चालला आहे. गेल्या दिवाळीत अण्णा एकदम म्हणाले, "मला तो एकदा पुन्हा बघायचाय." त्यांचे वय ८२ आहे. असल्या मागणीस पुढच्या वर्षी पाहू असे उत्तर देता येत नाही.

भगिनीचा प्रथम कडवा विरोध होता. तिचे म्हणणे, रेल्वेने जोधपुरास जावे व तेथून भाड्याची गाडी करावी. म्हणणे शहाणपणाचे होते. परंतु अण्णांस दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करावे लागतात, आणि वाटेत एखादा माळ दिसला की तेथे थांबावेसे वाटते. रेल्वे कोणाच्या इच्छेने थांबत नाही. शेवटी तिने एक अट घातली व आम्ही ती मान्य केली: एका दिवसात चारशे किलोमीटरांहून अधिक जावयाचे नाही, आणि सूर्यास्तानंतर चाक फिरवावयाचे नाही. जैसलमेर येथून सुमारे साडेबाराशे किलोमीटर आहे. या अटीप्रमाणे पहिला मुक्काम नाशिक-सापुताऱ्याच्या वाटेने सुरतेस, दुसरा पालनपुरास, तिसरा बाडमेरास आणि चौथ्या दिवशी दुपारी जैसलमेर, असा कागद तयार झाला.

ऋतूचा प्रश्न सुटण्यास वेळ लागला नाही. जैसलमेराहून फार दूर नसलेल्या फलोदी गावी १९ मे २०१६ रोजी ५१ अंश उष्णता मोजली गेली होती. तेव्हा उन्हाळ्याचे नाव कोणी काढिले नाही. डिसेंबरात दिवस सुखाचा असतो, रात्री मात्र पारा शून्याजवळ उतरू शकतो. म्हणून घोंगड्या घेतल्या आहेत.

पाण्याचा हिशेब अण्णांनी स्वतःकडे घेतला. नगर जिल्हा हा पर्जन्यछायेचा, अकोल्याकडील घाटमाथा सोडला तर पावसास पारखा, असे आपण नेहमी म्हणतो. तरी आपल्याकडे वर्षास साडेपाचशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि जैसलमेरास दोनशेहूनही कमी. अण्णांनी माणशी रोजचे पाच लिटर धरले, तिघांचे पंधरा, गाडी अडकून पडलीच तर दोन दिवसांचे तीस, आणि मोटारीच्या रेडिएटरकरिता वेगळे पाच. मी बाजारातून पस्तीस लिटरांचा एकच मोठा कॅन आणावयास निघालो होतो. त्यांनी मला थांबविले व पाच-पाच लिटरांचे सात कॅन आणविले. १९७२ साली दूरवरून आणलेली घागर उंबरठ्यावर फुटली, की घराचे दिवसाचे पाणी गेले, हे ज्याने पाहिले तो सारे पाणी एका भांड्यात ठेवीत नाही.

पेट्रोलचा हिशेब मी नववीच्या वर्गास उदाहरण म्हणून घातला. जैसलमेर, रामगढ, तनोट, लोंगेवाला व परत, हा फेरा सुमारे २६५ किलोमीटरांचा. मोटार लिटरास १४ किलोमीटर जाते. तर पेट्रोल किती? मुलांनी एकोणीस लिटर असे बिनचूक उत्तर दिले. मागील बाकावरील एका विद्यार्थ्याने मात्र विचारले, "सर, वाळूत गाडी रुतून चाक जागच्या जागी फिरलं, तर ते कशात धरायचं?" त्या मुलास मी पूर्ण गुण दिले. आमच्या गाडीची टाकी ४५ लिटरांची आहे. ती जैसलमेरास काठोकाठ भरावयाची आणि सुटे पेट्रोल डब्यातून मुळीच न्यावयाचे नाही, असे ठरले आहे.

वाळूत मोटार कशी हाकावी, याचे शास्त्र बरेच जुने आहे. राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९२० नंतरच्या दशकात व पुढे लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड मोटारी नेल्या. चाकांतील हवा कमी केली म्हणजे टायर पसरतो व वाळूवर तरतो. रुतलेल्या चाकाखाली लोखंडी पन्हळ घालावे. रेडिएटरची वाफ नळीने एका डब्यात नेऊन तिचे पुन्हा पाणी करावे, या युक्त्या त्याने व त्याच्या सोबत्यांनी वापरून सिद्ध केल्या. आमचा बंधू त्यांचा भक्त आहे. त्याने बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणला असून, ३३ पौंडांची हवा २० पौंडांवर आणणे व पुन्हा भरणे यांचा अभ्यास तो सीना नदीच्या कोरड्या पात्रात दोन रविवार करीत होता. पुन्हा भरणे विसरता कामा नये. कमी हवेच्या टायरवर डांबरी सडकेने वेगात जाणे म्हणजे अपघातास बोलावणे होय.

रणगाड्यांचे आपल्या गावास नवल नाही. येथील छावणीत १९४८ पासून चिलखती दलाचे शिक्षण-केंद्र आहे, आणि १९९४ साली उघडलेले रणगाड्यांचे संग्रहालय आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल. वाळूपुढे रणगाड्याचीही मात्रा चालत नाही, हे लोंगेवाल्यास दिसून आले. १९७१ च्या डिसेंबरात, ४ व ५ तारखांमधील रात्री, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या सुमारे १२० जवानांनी तेथील ठाणे धरून ठेविले. चालून आलेले पाकिस्तानी रणगाडे मऊ वाळूत अडकले, आणि उजाडताच जैसलमेराहून आलेल्या हंटर विमानांनी त्यांचा समाचार घेतला. शौर्य तर थोर होतेच. पण पुढची जमीन अगोदर न पाहता निघणाऱ्यांची गत काय होते, हेही तेथे लिहिलेले आहे.

आता वादाची गोष्ट सांगतो. बंधूच्या मनात सडक सोडून वाळूच्या टेकड्यांतून दिवसभर गाडी हाकण्याचे होते. ऑस्ट्रेलियात कॅनिंग स्टॉक रूट म्हणून सुमारे १८५० किलोमीटरांची एक ओसाड वाट आहे. आल्फ्रेड कॅनिंगने १९०८ ते १९१० या काळात गुरे नेण्याकरिता तीवर विहिरी खोदविल्या. आज हौशी लोक स्वतःच्या मोटारी घेऊन ती वाट चालतात, आणि वाटेत पेट्रोलची पिंपे आधी पोहोचवून ठेवावी लागतात. त्याच्या डोळ्यांसमोर तेच चित्र होते. मी म्हटले, माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालते. ते चाकाखाली आले तर? बंधू म्हणाला, "दादा, डिसेंबरात अंडी नसतात. मी वाचलंय." त्याचे म्हणणे बहुतांशी खरे होते, आणि मी गप्प बसलो. तेव्हा अण्णा म्हणाले, "अंडी नसतील, गवत असंल ना? माळावर एक गाडी आडवी गेली, की दुसरा गाडीवान तीच चाकोरी धरतो. तिसऱ्याला ती वाटच वाटती." तिकडील माळावर सेवण नावाचे गवत असते. वाळू त्याच्याच मुळ्यांनी जागी राहते, आणि माळढोकाचा आसरा तेच. बंधू बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिला. मग त्याने टेकड्यांतून काढलेली पेन्सिलीची रेघ स्वतःच पुसली. तो तिशीचा आहे व गाडी हाकणारा तोच आहे. ती रेघ पुसणे त्यास सोपे गेले नसावे.

त्याप्रमाणे बेत असा झाला. तनोट-लोंगेवाल्यास सडकेने जाऊन दिवसाउजेडी परत यावयाचे. त्या बाजूस दूरध्वनीचा भरवसा नाही, म्हणून निघण्याची व परतण्याची वेळ मुक्कामाच्या ठिकाणी लिहून ठेवावयाची. पुढील दोन दिवस राष्ट्रीय मरु-उद्यानाकरिता राखले आहेत. तेथे वनखात्याची परवानगी काढून, स्थानिक वाटाड्या घेऊन, तो नेईल तेथपर्यंतच जावयाचे. माळढोक दिसेलच असे नाही. तीन हजारांहून अधिक चौरस किलोमीटरांचे ते रान आहे. मी अण्णांस तसे स्पष्ट सांगितले. ते म्हणाले, "नाही दिसला तर माळ तरी दिसंल." भगिनीने त्यांच्या औषधांच्या दोन सारख्या पुड्या केल्या आहेत, एक त्यांच्या खिशात व एक माझ्याजवळ. ज्वारीच्या भाकऱ्या सुरतेपर्यंत पुरतील.

काल सामान गाडीत रचून पाहिले. पाण्याचे सात कॅन, हवेचा पंप, दुर्बीण, घोंगड्या, सारे बसले. वाळू उपसावयाचे फावडे आता नको, म्हणून मी ते काढून ओसरीवर ठेविले होते; अण्णांनी ते पुन्हा उचलून पाण्याशेजारी नेऊन ठेविले.