एका माणसाचा कोंबडा

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. दिजाँला लेकीकडे होते. लेक, जावई आणि नातू असे तिघं चार दिवसांसाठी ज्युराच्या डोंगरात बर्फात खेळायला गेले. माझे गुडघे म्हणजे काही बर्फात न्यायची वस्तू नव्हे, तेव्हा मी घर राखायला राहिले. जाण्याआधी लेकीनं फ्रिजमध्ये डबे भरून ठेवले होते. प्रत्येक डब्यावर वाराची चिठ्ठी. वरण-भात, मुगाची खिचडी, पुन्हा वरण-भात. आजाऱ्यालासुद्धा याहून बरं मिळत असेल!

पण तिचीही चूक नाही. २०१९ मध्ये हे गेले, तेव्हापासून मी कोल्हापूरच्या घरी एकटी काय खाते ते तिला ठाऊक आहे. सकाळची पोळी रात्री दुधात कुस्करायची, झालं जेवण. एके काळी नऊ माणसांचा स्वयंपाक करून, साडेदहाची शाळा गाठून, संध्याकाळी पुन्हा पोळपाट-लाटणं हातात घेणारी मी. आता एकटीसाठी कुठं घाट घालायचा? माझ्या वयाच्या निम्म्याशिम्म्या बायकांचं हेच चाललंय. हे वाचणाऱ्या दोघी-तिघी आत्ता मनातल्या मनात मान हलवत असतील, मला माहीत आहे.

तर, लेकीच्या खालच्या मजल्यावर एक फ्रेंच आजी राहतात. पंच्याऐंशीच्या असाव्यात. आमची ओळख 'बोंजूर मादाम' एवढीच. दर रविवारी अकराच्या सुमाराला त्यांच्या दारातून असा काही वास जिन्यात येतो की पाय थबकतात. कांदा लोण्यात परतल्याचा, आणि त्यामागे काहीतरी आंबटगोड, जड. एकदा नातवाला दुभाषा करून मी विचारलं, आज पाहुणे आहेत का? आजी हसल्या. नातवानं भाषांतर केलं, "त्या म्हणतात, पाहुणे कशाला, मी आहे ना." पदार्थाचं नाव सांगितलं, कॉक ओ व्हँ. म्हणजे वाइनमधला कोंबडा. आणि मग नातवाच्या वहीच्या पानावर एका माणसाच्या मापानं कृती लिहून दिली. ती लेकीनं मला मराठीत उतरवून दिली होती, सहज, गंमत म्हणून. सगळे गेल्यावर ते पान फ्रिजवर चुंबकाखाली दिसत राहिलं. शनिवारचा डबा मी मागं सरकवला आणि पिशवी घेऊन निघाले.

हा मुळात गरिबाघरचा पदार्थ. नाव ऐकून हॉटेलातलं खाणं वाटतं, पण गोष्ट साधी आहे. कोंबडा म्हातारा झाला, आता त्याचा उपयोग नाही. मांस चिवट. मग त्याला रात्रभर तांबड्या वाइनमध्ये बुडवायचं आणि मंद आचेवर तासन् तास शिजवायचं. चिवट मांसातले दोरे हळूहळू विरघळतात आणि त्यांचाच दाटपणा रश्शाला येतो. पूर्वी तर रस्सा दाट करायला त्याचं रक्तही घालत. आपल्याकडे रक्ती खाणाऱ्यांना यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. ज्यूलियस सीझरला गॉल लोकांच्या सरदारानं डिवचण्यासाठी म्हातारा कोंबडा पाठवला आणि सीझरनं तोच वाइनमध्ये शिजवून त्याला वाढला, अशी एक कथा सांगतात. ती दंतकथाच. लिहिलेल्या कृती सापडतात त्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपासच्या. हे बर्गंडी प्रांतातलं रूप. अल्सासवाले पांढऱ्या रीसलिंगमध्ये करतात, ज्युरात त्यांच्या पिवळ्या वाइनमध्ये.

दिजाँच्या जुन्या लोखंडी मंडईत शनिवारी सकाळी ही गर्दी असते. कोंबडीवाल्याकडे अख्खा कोंबडाही होता, तीन किलोच्या वरचा. तो घेऊन मी काय करणार! मी मांडीसकट तंगडीकडे बोट दाखवलं आणि एक बोट वर केलं. त्यानं काहीतरी विचारलं. बहुधा 'एकच?' असं असावं. मी बोट तसंच ठेवलं. शेतावर मोकळी फिरलेली कोंबडी होती ती. इथं ज्यांना 'लाबेल रूज'चा तांबडा शिक्का असतो, त्या निदान ८१ दिवस वाढवलेल्या असतात. आपल्या बॉयलरसारखी पाच-सहा आठवड्यांची पोरं नव्हेत. बॉयलर तासभर वाइनमध्ये ठेवलं तर हाडावर काही उरायचं नाही.

इथवर सगळं सोपं होतं. पुढं वाइन घ्यायची होती.

चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात मी दारूची बाटली विकत घेतली नव्हती. सुपरमार्केटात बाटल्यांच्या भिंतीसमोर, स्वेटरवर पदर ओढून, हातात चिठ्ठी धरून उभी राहिले. आजींनी लिहिलं होतं तसं अक्षर जुळवून दहा युरोच्या आसपासची 'बूर्गोन्य पिनो न्वार' उचलली. आणि टोपलीत पालकाखाली लपवली. होय, लपवली! गल्ल्यावरच्या मुलीनं दुधाच्या पिशवीसारखी ती पुढं सरकवली आणि माझ्याकडे पाहिलंही नाही.

लपवण्याचं कारण अण्णा. माझा थोरला भाऊ. त्याची मुलं माझं लिहिणं वाचतात, म्हणून जपून लिहिते. पोरांनो, रागावू नका. अण्णा प्यायचा. आधी हातभट्टी, मग देशी. बाटल्या तांदळाच्या डब्यात सापडायच्या, माळ्यावर सापडायच्या, एकदा तर माझ्या बी. ए.च्या पुस्तकांच्या पेटीत सापडली. मी आणि वहिनी मिळून त्या मोरीत ओतायचो. कधी कधी ओतायची हिंमत नसायची, तेव्हा वहिनी बाटलीवर कोळशानं बारीक रेघ मारून ठेवायची. सकाळी रेघ आणि दारू यांच्यात किती बोटांचं अंतर पडलं, यावरून घरातला तो दिवस कसा जाणार ते कळायचं. १९८६ मध्ये अण्णा गेला. पंचेचाळिशीसुद्धा गाठली नव्हती. त्यानंतर आमच्या घरात त्याचा विषय निघाला की त्या एकाच गोष्टीवर येऊन थांबतो.

असो. संध्याकाळी कामाला लागले. बूच काढायचं यंत्र नातवाच्या खेळण्यासारखं निघालं, दोन हात वर करणारं. तिसऱ्या प्रयत्नात 'फट्ट' झालं. वास येणार म्हणून मी श्वास रोखून धरला होता. मग सोडला. तो वास नव्हता. करवंदांसारखं, ओल्या लाकडासारखं काहीतरी होतं.

आता गणित. चार माणसांना एक बाटली, म्हणजे पाऊण लिटर. त्रैराशिकानं एका माणसाला एकशे नव्वद मिलिलिटरच्या आत-बाहेर. मी आयुष्यभर मुलांकडून त्रैराशिक घोटून घेतलं, पण ते स्वयंपाकघरात चालत नाही. लेकीचं ओतीव लोखंडाचं भांडं सहा माणसांचं. त्यात एक तंगडी म्हणजे मोठ्या वर्गात एकच पोरगं बसावं तशी दिसत होती. वाइन तळाला पसरली, तंगडी निम्मी उघडीच. आणि रुंद भांड्यात रस आटतोही भराभर. शेवटी दूध तापवायचं छोटं जाड बुडाचं पातेलं घेतलं, तंगडी सांध्यावर तोडून दोन तुकडे केले आणि वाइन मोजली. तुकडे बुडायला तीनशे मिलिलिटर लागली. एकट्या माणसाला जास्तच लागतं, हे आजींच्या चिठ्ठीतही होतं, मला वाटलं होतं त्यांची चूक झाली. गाजर, कांदा, लसूण, थाइमची काडी आणि त्यांचं तमालपत्र. ते आपलं नव्हे बरं का. आपलं दालचिनीच्या कुळातलं, हे निराळं झाड आणि निराळा वास. झाकून फ्रिजमध्ये ठेवलं.

रविवारी सकाळी झाकण काढलं तर काय, कोंबडी जांभळी! शाईची दौत सांडल्यासारखी. तसंच होतं म्हणे. फडक्यानं खडखडीत कोरडी करायची, नाही तर लोण्यात तांबूस होत नाही, नुसती वाफारते. लोण्यात दोन्ही बाजूंनी परतली, काढून ठेवली. त्याच लोण्यात छोटे अख्खे कांदे. मग चमचाभर मैदा भाजला आणि ती वाइन ओतली. डुकराच्या चरबीचे तुकडे घालतात, ते माझ्याच्यानं झालं नाही. ब्रँडी ओतून पेटवतात, तेही नाही. लेकीच्या शेगडीला जाळच नाही, नुसती काच. हळद नाही, तिखट नाही, फक्त मीठ-मिरपूड. कांदा-लसूण चटणीच्या बरणीकडे माझा हात तीनदा गेला आणि तीनदा मागं आला.

मग सव्वा तास नुसतं बसायचं. मंद आच, मधूनच एखादा बुडबुडा. आणि त्या सव्वा तासात मला आमचं कागलकडचं परडं दिसायला लागलं.

कारण आमच्या घरी कोंबडा शिजवायचा तो अण्णाच. बायकांना हात लावू द्यायचा नाही. परड्यात तीन दगडांची चूल मांडायचा, म्हातारा गावरान कोंबडा आणलेला असायचा, स्वस्त मिळायचा म्हणून. वाटण स्वतः पाट्यावर वाटायचा. आणि उकिडवा बसून दोन-तीन तास चुलीतलं एक-एक लाकूड मागं-पुढं करत राहायचा. मी भुकेनं कासावीस होऊन झाकण उघडायला गेले की म्हणायचा, "गडबड करू नगंस. म्हातारा हाय त्यो. त्येला येळ दे." त्या दोन-तीन तासांत तो पीत नसे. शपथेवर सांगते. प्यायचा नंतर, सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर. मला नेहमी पहिली वाटी रश्शाची आणि काळीज. मी हे किती वर्षं विसरले होते? विसरले म्हणण्यापेक्षा, त्या ओतलेल्या बाटल्यांखाली ते दबून गेलं होतं.

शेवटी अळंबी लोण्यात वेगळी परतून घातली. रस्सा चमच्याच्या पाठीवर धरायला लागला होता. बरोबर उकडलेले बटाटे. एक घास खालच्या आजींना द्यावा असं मनात आलं, वाटीही काढली होती. मग ठेवून दिली. आज हे एकटीसाठी करायचं ठरलं होतं ना! टेबलावर बसले. टीव्ही नाही, फोन नाही, चांगली चिनी मातीची ताटली. दिसायला काळपट, चॉकलेटसारखा. चव सांगणं अवघड आहे. आधी खोल, मग आंबट, आणि शेवटी गोड. तिखट नसल्यामुळे सुरुवातीला जीभ शोधत राहते, मग शोधायचं सोडते. तंगडी खाल्ली, मांडी दुसऱ्या दिवसाला ठेवली. आजींची सक्त सूचना होती, आणि खरंच, सोमवारी ते जास्त चांगलं लागलं.

दारू शिजवताना उडून जाते म्हणतात, तेही अर्धंच खरं. तास-दीड तास मंद शिजवलं तरी चौथा-पाचवा हिस्सा अल्कोहोल उरतं, असं अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात आहे. म्हणजे थोडी मीही प्यायले म्हणायची.

पण खरा पेच भांडी घासताना आला. बाटलीत साडेचारशे मिलिलिटर वाइन शिल्लक. मी ती उचलली आणि सिंकपाशी गेले. हात आपोआप वाकडा झाला. पन्नास वर्षांची सवय. थोडा वेळ तशीच उभी होते. मग म्हटलं, दहा युरोची वस्तू आहे आणि घरात कुणी अण्णा नाही. बूच ठोकलं आणि फ्रिजच्या दारात दुधाशेजारी ठेवली. रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा पाहिलं तर बाटलीच्या चिठ्ठीवर बॉलपेनची बारीक रेघ होती. मीच मारलेली. कधी मारली ते मला आठवत नाही.

मंगळवारी रात्री मंडळी परत आली, उन्हानं नाकं लाल करून. डबे तसेच पाहून लेक रागावली. जावयांनी फ्रिज उघडला आणि म्हणाले, "आई, ही रेघ कसली?" मी काही नाही म्हणणार होते. पण मग सांगितलं. रेघेचं सांगितलं, आणि परड्यातल्या चुलीचंही. लेकीला मामा आठवतो तो ओसरीवर पडलेला. ती बराच वेळ बाटली हातात धरून ऐकत होती.

"मामा स्वयंपाक करायचा?" तिनं विचारलं.

"फक्त कोंबडा," मी म्हटलं.