सफ कुठली, गुस्ल कोण देणार?

आमच्याकडे जुम्म्याच्या नमाजनंतर चहावर हल्ली एक विषय हमखास निघतो : लिंग दोनच की जास्त? कुणी मोबाइलवर पाहिलेला परदेशातला वाद सांगतो, कुणी अल्लाहने जोड्याच पैदा केल्या म्हणून विषय संपवतो. पुरोगामी मित्र पुस्तकातल्या व्याख्या काढतात. मला खटकतं ते हे की ज्यांच्याविषयी बोलणं चाललंय, त्यांचं स्वतःचं म्हणणं त्यात कुठेच नसतं.

आणि हे आपल्या नगर जिल्ह्यात! श्रीरामपूरच्या दिशा पिंकी शेख मराठीत कविता लिहितात. ‘कुरूप’ हा त्यांचा संग्रह. २०१९ मध्ये त्या वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या. वाद घालणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांना वाचलंय? ऐकायचंच असेल तर बोलणारं माणूस शेजारच्या तालुक्यात आहे.

जगणाऱ्याचे प्रश्न व्याख्येचे नसतातच. महाराष्ट्र पोलिसांच्या भरतीचंच बघा. ऑनलाइन अर्जात पुरुष आणि स्त्री एवढेच दोन रकाने होते. ज्याला या दोन्हींत बसता येत नाही, त्याने धावण्याचा कितीही सराव केला तरी अर्जच भरता येईना. नोव्हेंबर २०२२ मध्ये मॅटने तिसरा पर्याय ठेवायला सांगितलं, तर सरकार अडचणी घेऊन उच्च न्यायालयात गेलं. डिसेंबरमध्ये न्यायालयाने सुनावल्यावर सरकारने तिसरा रकाना आणि शारीरिक चाचणीचे निकष, दोन्ही मान्य केलं.

कागदाचीही तीच गत. २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, शस्त्रक्रियेची सक्ती बेकायदा ठरवली. २०१९ चा कायदा आला तेव्हा मात्र पुरुष किंवा स्त्री अशी नोंद हवी असेल तर शस्त्रक्रियेचा दाखला मागितला गेला. पैसे कुठून आणायचे, हे त्या माणसाने बघायचं.

आपल्या जुन्या फिकहकारांनी याहून जमिनीवरचे प्रश्न विचारले होते. ज्याच्या शरीरावरून स्त्री की पुरुष ठरत नाही, त्याला ते ‘खुन्सा’ म्हणत. तो जमातीत कुठे उभा राहील? पुरुष, मग मुलं, मग खुन्सा, मग स्त्रिया, असा क्रम त्यांनी लावला. वारशात हिस्सा किती, मेल्यावर गुस्ल कोण देणार? हनफी ग्रंथांत तयम्मुमचा मार्ग दिला आहे. ते शरीराबद्दल बोलत होते, मनाच्या ओळखीबद्दल नाही. म्हणून आजची सगळी उत्तरं तिथे मिळणार नाहीत. पण हा माणूस मशिदीत येणार, त्याला वारसा मिळणार, त्याचं दफन आपणच करणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. त्याला जागा द्यायची की नाही, असा प्रश्न त्यांना पडला नाही.

आपण उलट करतो. बाळ झालं की त्यांना दारात बोलावून दुआ घेतो. त्याच बाईने खोली भाड्याने मागितली तर मोहल्ल्यात एकही रिकामी नसते. तिच्या दुआवर आपला विश्वास आहे, शेजारावर नाही.

लिंग किती यावर खुशाल बोला. पण मोहल्ल्यातल्या अशा एखादीचा इंतकाल झाला, तर गुस्ल कोण देणार आणि जनाजाला खांदा कोण देणार, हे मशिदीच्या कमिटीने आजच ठरवून ठेवावं. मय्यत वादाचा निकाल लागेपर्यंत थांबत नाही.