आपण आणि आम्ही

जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील ‘भाषा इंडोनेशिया’च्या प्रारंभिक वर्गात त्याने नाव घातले, तेव्हा ही भाषा आपणास फारशी परकी वाटणार नाही, अशी त्याची अपेक्षा होती. पहिल्या आठवड्यात ती खरीही ठरली. शिक्षकास ‘गुरु’ आणि विद्यापीठातील विद्यार्थ्यास ‘महासिस्व’. पती तो ‘सुआमी’, पत्नी ती ‘इस्त्री’. रमजानच्या उपवासालाही संस्कृत ‘उपवासा’वरून आलेला ‘पुआसा’ हाच शब्द. अरबीच्या वाटेने गेलेले शब्दही ओळखीचेच निघाले. कुशल विचारायचे ते ‘आपा काबार’, म्हणजे ‘काय खबर’. आणि सामान्य जनता ती ‘राक्यात’, म्हणजे आपली रयत. शिवकालीन पत्रव्यवहारातून मराठी वाचकाच्या कानी बसलेला हा शब्द जकार्त्याच्या संसदेच्या नावात पाहून त्याला मोठी मौज वाटली.

या अपेक्षेला एक पूर्वपीठिका होती. आचार्य रघुवीर यांची भारतीय संस्कृतीची आंतरराष्ट्रीय अकादमी दिल्लीस स्थिर होण्यापूर्वी नागपुरात होती. सुदर्शनादेवी सिंघल यांनी संपादिलेला ‘वृहस्पति-तत्त्व’ हा प्राचीन जावाभाषेतील ग्रंथ १९५७ साली नागपूरच्या नावानेच प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी दिल्लीहून ‘गणपति-तत्त्व’ निघाले. अशा ग्रंथांच्या सहवासात वाढलेल्या अभ्यासकास सागरापलीकडे सर्वत्र आपल्याच पाऊलखुणा दिसाव्यात, हे स्वाभाविक आहे. त्याच्याही मनाची ठेवण काहीशी तशीच होती.

मात्र दुसऱ्या महिन्यापासून हे ओळखीचे शब्द वेगळेच बोलू लागले. ‘नगारा’ म्हणजे नगर नव्हे, राष्ट्र. आणि ‘देसा’ म्हणजे देश नव्हे, खेडे. ‘चिन्ता’ म्हणजे प्रेम. १९७२ सालच्या लेखनसुधारणेपूर्वी हा शब्द रोमन लिपीत डच वळणाने लिहिला जाई, नंतर त्याचे लेखन सुटसुटीत झाले. अर्थ मात्र प्रेम हाच राहिला. ‘सेंगसारा’ हे ‘संसारा’चे रूप, पण त्याचा अर्थ हालअपेष्टा. हिंदीत संसार म्हणजे जग, मराठीत घरप्रपंच, आणि तेथे निव्वळ दुःख. वर्गातील सर्वांना या तिपेडी अर्थाचे हसू आले. शब्द येथून गेले हे खरे. पण तेथील माणसांनी ते आपल्या अनुभवाने भरले, आणि त्या अनुभवावर मूळ धन्याची मालकी उरली नाही.

‘सिक्सा’ हा शब्द आला तेव्हा मात्र तो हसला नाही. संस्कृत ‘शिक्षे’पासून आलेल्या या शब्दाचा इंडोनेशियन अर्थ यातना, छळ असा आहे. त्याचे बालपण लखनौजवळच्या मलिहाबादेत गेले होते. तेथून जवळच, रहमानखेडा येथे, १९७२ साली केंद्रीय आंबा संशोधन केंद्र सुरू झाले. त्याचे रूपांतर १९८४ साली स्वतंत्र संस्थेत झाले. फळशास्त्रज्ञ असलेले त्याचे वडील रत्नागिरी जिल्हा सोडून तेथे आले होते. तिसऱ्या इयत्तेत असताना एका हिंदी निबंधात त्याने मारकुट्या शेजाऱ्याबद्दल ‘उसने मुझे शिक्षा दी’ असे लिहिले, आणि शेजाऱ्याने तुला काय शिकविले, असे विचारून सारा वर्ग हसला. त्या दिवसापासून घराबाहेर मराठी शब्द तोंडातून निसटू नये, याची तो दक्षता घेऊ लागला. पुढे पुढे आईलाही हिंदीतूनच उत्तरे देऊ लागला. आईने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. ती मराठीत विचारीत राहिली, तो हिंदीत सांगत राहिला. आता एका दूरच्या भाषेने त्याच्या मराठी अर्थाच्या बाजूने साक्ष दिली होती.

परंतु त्याला खरे थांबविले ते ‘किता’ आणि ‘कामी’ या दोन सर्वनामांनी. दोहोंचा अर्थ ‘आम्ही’ असाच हिंदीभाषक सहाध्यायांनी लिहून घेतला. ज्याच्याशी बोलायचे त्याला सामावून घेणारे ते ‘किता’, त्याला वगळणारे ते ‘कामी’, हा भेद त्यांना उदाहरणे देऊनही चटकन पटेना. एक तमिळभाषक विद्यार्थिनी आणि तो मात्र तत्काळ समजले. तमिळमध्ये ‘नाम्’ आणि ‘नाङ्गळ्’. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’. मलिहाबादेत तर एकच ‘हम’ ‘मी’पासून ‘आम्ही सर्व’पर्यंत सगळी कामे करतो. किता आणि कामी हे शब्द संस्कृतातून गेलेले नाहीत, अरबीतूनही नाहीत. ते त्या द्वीपसमूहाच्या स्वतःच्या भाषाकुलाचे आहेत. म्हणजे जेथे कोणी कोणाचे काही घेतले नव्हते, नेमके तेथेच त्या भाषेचे आणि मराठीचे जुळत होते.

या भेदाचा राजकीय उपयोगही त्याने पाहिला. २८ ऑक्टोबर १९२८ रोजीची युवकांची प्रतिज्ञा आणि १७ ऑगस्ट १९४५ रोजीची स्वातंत्र्यघोषणा, या दोहोंचाही आरंभ ‘कामी’ या शब्दाने होतो. घोषणा जगाला उद्देशून होती आणि जग त्या ‘आम्ही’त नव्हते. प्रतिज्ञेत मातृभूमी एक, राष्ट्र एक असे म्हटले आहे; भाषेबाबत मात्र ‘एकच भाषा’ असे न म्हणता ऐक्याची भाषा शिरोधार्य मानली आहे. सर्वाधिक लोकांची मातृभाषा जावानी असताना मलायी भाषेला हे स्थान मिळाले, आणि घराघरांतील इतर भाषांना त्या प्रतिज्ञेने नाकारले नाही. हिंदीत उत्तरे देत वाढलेल्या मुलास हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटले.

पहिल्या सत्रानंतर तो सुटीला घरी आला, तेव्हा मे महिना संपत आला होता. वडिलांच्या निवृत्तीला वर्ष उरले होते. रत्नागिरीकडील घरात आईचाही वाटा होता. तेथे जाऊन राहायचे की तो वाटा मोडून येथेच जागा घ्यायची, हा विषय घरात सर्वांना ठाऊक होता आणि कोणीच काढीत नव्हते. मलिहाबादला असे जाणे-राहणे नवे नाही. जोश मलिहाबादी फाळणीनंतर काही वर्षांनी पाकिस्तानात गेले, १९८२ साली इस्लामाबादेत वारले. गाव सुटले तरी गावाचे नाव त्यांनी आपल्या नावातून काढले नाही.

त्याच आठवड्यात मामा आले. येताना त्यांनी आंबापोळी आणि कुळथाचे पीठ आणले होते. जेवणे झाल्यावर ते म्हणाले, “भावोजी, यंदा कशीबशी डागडुजी केली. पुढल्या वर्षी कौले बदलावीच लागतील. तुम्ही आपल्याकडे येणार असाल, तर तसे आत्ताच सांगा.”

वडील आईकडे पाहू लागले. आई म्हणाली, “दादा, आमच्याकडे आठ-दहा दिवसांत दसरी उतरेल. तो टाकून मला आत्ता काहीच सुचायचे नाही.”

सव्वीस वर्षे ती कोकणाला ‘आपल्याकडे’ आणि मलिहाबादला ‘इकडे’ म्हणत आली होती. सख्ख्या भावाशी बोलताना ‘आमच्याकडे’ हा शब्द तिने प्रथमच मलिहाबादसाठी वापरला, आणि त्या ‘आम्ही’त भाऊ नव्हता, कदाचित कुंपणापलीकडची, जिला ती आपा म्हणते, ती बागवानीण होती. हिंदीत ‘हमारे यहाँ’ म्हटले असते, तर हे कोणाच्या लक्षातही आले नसते. मामा काही वेळ सुपारी कातरत राहिले. मुलाने मराठीत विचारले, “आई, आपण तिकडे गेलो, तर तुला करमेल?” आपल्या प्रश्नातील ‘आपण’ त्याला स्वतःलाच ऐकू आला. आईने त्याच्याकडे नीट पाहिले. तो मराठीत बोलला, हे तिच्याही ध्यानात आले असावे. पण ती एवढेच म्हणाली, “बघू.”

तिसऱ्या दिवशी मामा निघाले, तेव्हा तिने कौलांसाठी पैसे त्यांच्या हाती ठेवले. येण्याची तारीख मात्र सांगितली नाही.