धायरीत सुरू झालाय

बुधवार पेठेत पाऊस येण्याआधी त्याची वर्दी येते. जुलैतली दुपार असते, जोगेश्वरीच्या बोळात ऊनही नाही आणि अंधारही नाही असा राखाडी उजेड साचलेला असतो, तुळशीबागेतल्या ताडपत्र्या अजून कोरड्या असतात, आणि तिकडे सिंहगडाच्या अंगाने उतरलेले ढग खडकवासल्याच्या पाण्यावरून जड होत होत शहराकडे निघालेले असतात. फोन थरथरतो. 'धायरीत सुरू झालाय.' थोड्या वेळाने कोथरूड : 'जोरात आहे. खिडक्या लावा.' मी उठते, गॅलरीतल्या दोरीवरची धुणी काढते, कठड्यावर वाळत टाकलेली पायपुसणी आत घेते, आणि तशीच उभी राहते. बातमी आलेली आहे, पाऊस यायचा आहे. या दोहोंमधली ती काही मिनिटं मला अलीकडे फार प्रिय झाली आहेत. मित्राच्या गच्चीवर पडून गेलेलं, मैत्रिणीच्या शेवग्याला भिजवून आलेलं आभाळ आता माझ्याकडे निघालं आहे. वाटेत नदी ओलांडत असेल, अलका चौकात छत्र्या उघडायला लावत असेल, लक्ष्मी रोडवर साड्यांच्या दुकानांपुढे माणसांना आडोशाला ढकलत असेल, अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर प्लॅस्टिक ओढायला लावत असेल. मग शेजारच्या पत्र्यावर पहिला थेंब वाजतो.

आला.

पेठेतला पाऊस जमिनीवर पडायच्या आधी पत्र्यांवर, ताडपत्र्यांवर, विजेच्या वायरींच्या जंजाळावर पडतो. तपकीर गल्लीत पंख्यांचे आणि दिव्यांचे खोके धावत आत जातात. दगडूशेठ गणपतीच्या समोर फुलवाले झेंडूच्या टोपल्या छपराखाली सरकवतात. आणि पलीकडच्या ज्या गल्लीकडे सारं शहर बघून न बघितल्यासारखं करतं, तिथल्या बायकाही याच घटकेला दारांवरच्या दोऱ्यांवरून परकर, टॉवेल, लेकरांचे सदरे भराभर ओढून घेतात. वाळत घातलेलं सांभाळायचं, एवढं काम पाऊस सगळ्यांना सारखं वाटून देतो.

आम्ही सगळे मूळचे इथलेच. वाडा वेगळा असेल, बोळ एकच. वाड्यात बातमी सांगावी लागत नसे. विहिरीवरचा रहाट कुरकुरला की कोण उठलंय ते कळायचं. कुणाकडे आज आंबेमोहोर शिजतोय, कुणाचं मूल रात्रभर खोकलं, कुणाच्या सुनेला माहेरचं पत्र आलं, हे सगळं चौकातल्या हवेतच असायचं आणि श्वासाबरोबर आत जायचं. पुढे भाडेकरूंचे वाद झाले, हिस्से पडले, तुळया वाळवीने पोखरल्या आणि एकेक वाडा पाडला गेला. जिथे परवडलं तिथे माणसं गेली. एक मैत्रीण कोथरूडला, एक सिंहगड रस्त्याला, एक मित्र धायरीला, एक हडपसरला, एक मैत्रीण लेकामागोमाग थेट सॅन होजेला. मी राहिले. वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत, जिच्या गच्चीवरून तुळशीबागेतल्या राममंदिराचं उंच शिखर अजून दिसतं. नोकरीची उभी वर्षं आम्ही एकमेकांना भेटलो ते मंगल कार्यालयात, नाहीतर वैकुंठात. दोन्हीकडे गर्दी फार. बोलणं राहूनच जायचं.

निवृत्त झाल्यावर मला पहिल्यांदा माझ्या घरातली दुपार दिसली. ऑफिसच्या दिवसांत मला तिची ओळखच नव्हती. साडेतीनच्या सुमारास स्वयंपाकघराच्या ओट्यावर उन्हाची एक तिरपी पट्टी येते, स्टीलच्या डब्यांवरून हळूहळू सरकत जाते, हळदीच्या बरणीशी घटकाभर थांबते आणि विझते. हे रोज घडत होतं, माझ्यावाचून. त्या दिवशी मी कसलाही विचार न करता फोन उचलला आणि मित्रमंडळींना लिहिलं, 'ओट्यावर ऊन आलंय.' मला वाटलं, कोण काय म्हणणार यावर. पण कोथरूडहून उत्तर आलं, 'माझ्याकडे देवघरात येतं, पाचला.' हडपसरहून आलं, 'आमच्याकडे समोर टॉवर झाल्यापासून येत नाही.' मग कुणी मेथी निवडायला घेतली आहे ते सांगितलं, कुणी नळाला पाणी गढूळ आलंय ते, कुणी चष्मा सापडत नाही ते. पाडलेल्या चौकातली हवा पुन्हा वाहायला लागली.

हडपसरच्या मित्राला स्वयंपाक येत नव्हता. वहिनी गेल्या, आणि तोवर ज्या ओट्याकडे त्यांनी पाणी प्यायलासुद्धा नीट पाहिलं नव्हतं त्यापुढे उभं राहून ते आम्हाला विचारू लागले. 'मोहरी किती वेळ ठेवायची?' कोथरूडवालीने लिहिलं, 'तडतड थांबेपर्यंत. मग जिरं. मग गॅस बारीक करून हिंग, हळद.' बराच वेळ काही आलं नाही. मग आलं : 'थांबली तडतड. घरात तिचा वास आला.'

कुणीच काही लिहिलं नाही त्यावर. काय लिहिणार?

मे महिन्यात मात्र वर्दीची दिशा उलटते. वळीव पुष्कळदा पूर्वेकडून चढतो, आणि हडपसरचं आभाळ आमच्या आधी काळं पडतं. या दिवसांत मी कुरडया घालते. आता खाणारं कोण आहे, असं शेजारची विचारते. पण गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, तिसऱ्या दिवशी ते वाटून त्यांचा चीक गाळायचा, रात्रभर निवळू द्यायचा आणि पहाटे वरचं पाणी ओतून टाकून तो पांढराशुभ्र, जड, गुळगुळीत चीक पातेल्यात हाटायचा, यातलं सुख खाण्याच्या कितीतरी आधी संपलेलं असतं. हाटताना दंड भरून येतो. एका क्षणी पळीला ओढ लागते, चीक कडेने सुटतो, पांढरा असतो तो काचेसारखा पारदर्शक होतो, आणि गव्हाचा कोवळा, दुधाळ, थोडा आंबूस वास घरभर भरतो. मग गच्चीवर प्लॅस्टिकचा कागद, चार कोपऱ्यांना चार दगड, आणि सोऱ्यातून गोल गोल उतरणारी ओली, चमकती कुरडई. एके वर्षी अशाच एका दिवशी चार वाजता हडपसरहून निरोप आला, 'वारा सुटलाय, पूर्व पूर्ण काळी. तुमच्या कुरडया!' मी जिना चढले. डोक्यावर लख्ख ऊन होतं. तरी त्यांच्या शब्दावर कागद गोळा केला, आणि शेवटचा दगड उचलते तोवर शिखरामागे वीज चमकली. त्या वर्षीच्या कुरडया मी तळते तेव्हा, ज्या माणसाला परवापर्यंत फोडणी येत नव्हती त्याने माझं वाळवण वाचवलं, हे मला फार मोठं वाटतं. हे उतारवयातलं एक ऐश्वर्य आहे. माझ्या गच्चीवर काय वाळतंय हे गावाच्या दुसऱ्या टोकाला कुणाला तरी ठाऊक आहे.

कोथरूडवाली मोडी शिकते. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वर्गाला जाऊन आली आणि तेव्हापासून रोज बोरूने ओळ लिहून तिचा फोटो पाठवते. एक अक्षर दुसऱ्यात गुंतलेलं, हात न उचलता वाहत गेलेलं. ती सांगते, जुन्या पत्रांत मुक्कामाच्या आणि खर्चाच्या मजकुराशेजारी पाऊसपाण्याची ओळ सापडते. मला कोकणातल्या मावशीची पोस्टकार्डं आठवली. लग्न, मरण, कर्ज, काहीही कळवायचं असो, शेवटी कडेने, जागा संपता संपता तिरपं लिहिलेलं असायचं की इकडे पाऊस बरा आहे, लावण्या आटोपल्या. लहानपणी ती ओळ मी गाळूनच वाचत असे. आता मला वाटतं, मावशीला लिहायचं होतं ते तेवढंच होतं; बाकीचं कळवणं भाग होतं म्हणून.

सॅन होजेची मैत्रीण आमच्या मागे चालते. इथे भाद्रपदातली ऋषिपंचमी उजाडायची असते, दगडूशेठच्या मांडवापुढे हजारो बायका रस्त्यावर बसून अथर्वशीर्ष म्हणत असतात, आणि तिच्याकडे अजून आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. मी गर्दीत फोन उंच धरते. तो आवाज कुणा एकीचा नसतो. तो रस्त्यातून वर येतो, घरांच्या भिंतींना भिडून परततो. तिने एकदा लिहिलं, 'इथे वाटाणे सोलत बसलेय. शेंगा फोडताना पहाट झाली.' या बाईने जन्मात कविता केली नाही. पण हे वाचून मी मांडवापुढच्या त्या गर्दीत डोळे पुसले.

धायरीचे मित्र हवामान खात्यात होते. खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला आम्ही पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतो. निवृत्तीनंतर त्यांनी गच्चीवर पर्जन्यमापक बसवला. सकाळी ८.३० ला मोजायचं आणि आकडा आम्हाला कळवायचा, हा त्यांचा नेम. गेल्या २४ तासांत पडलेला सगळा पाऊस त्या घटकेला मोजतात आणि आजच्या तारखेवर मांडतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. म्हणजे रात्री आपण अंथरुणात पडून ऐकलेला, झोपेत मुरलेला पाऊस वहीत उद्याच्या नावावर जमा होतो. आणि एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हे कळल्यापासून मला आकडा वाचताना गच्ची दिसते आणि तिच्यावर ओळीने मांडलेले लिटर लिटरचे तांबे दिसतात.

पाऊस नेहमी असा मापात राहत नाही. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्याचा विसर्ग वाढला, मुठेचं पाणी एकतानगरीत शिरलं, आणि सिंहगड रस्त्यावरच्या मैत्रिणीचा निरोप आला, 'पार्किंगमध्ये पाणी आहे. पायऱ्या मोजतेय.' आमच्या पिढीला तेवढं पुरतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आम्ही लहान होतो. शनिवार-नारायण पेठेतली माणसं बोचकी घेऊन आमच्या वाड्याच्या चौकात येऊन बसली होती, आणि नळ बंद पडल्यावर विहिरीच्या पाण्यावर कितीतरी घरं जगली होती. 'आता अजून एक पायरी बुडाली.' 'आता थांबलंय.' त्या पहाटे सिंहगड रस्त्याहून अशी एकेक ओळ येत होती, आणि शहरभर आम्ही म्हातारी माणसं दिवे लावून बसलो होतो. पाणी ओसरल्यावर ती रिक्षाने माझ्याकडे आली, औषधांची पिशवी आणि एक पातळ घेऊन.

ती राहिली त्या दिवसांत आम्ही भिजवून मोड आणलेले वाल सोलत बसलो. कोमट पाण्यातला वाल चिमटीत धरला की साल सुटते आणि डाळिंबी टपकन वाटीत पडते. एरवी फोनवर दिवसातून दहादा काही ना काही सांगणाऱ्या आम्ही दोघी समोरासमोर बसून गप्प होतो. सगळं दिसतच होतं. बाहेर सर पडून गेली तेव्हा तिने ओले हात पदराला पुसले, फोन घेतला आणि मंडळींना लिहिलं, 'बुधवारात थांबलाय.' मी वाटीतून मान वर केली. पेठ सोडल्यापासून तिने पेठेतल्या पावसाबद्दल पेठेतून काही सांगितलं नव्हतं. आता मेट्रो झाली आहे. कोथरूडवाली वनाजला बसते, सिव्हिल कोर्टला गाडी बदलते, पेठेच्या पोटातून मंडईला उतरते आणि भाजी घेऊनच वर येते. येणं सोपं झालं आहे. पण 'बुधवारात थांबलाय' ही ओळ मी अजून पुसलेली नाही.

यंदा धायरीच्या मित्राचे हात फार थरथरू लागले आहेत. बोलणंही कमी झालं आहे. आठवडाभर आकडा आला नाही, तेव्हा विचारायला कुणाची जीभ उचलेना. मग एका सकाळी त्यांच्या फोनवरून वहिनींनी लिहिलं, 'आज यांनी नुसतं पाहिलं, नळी मी धरली. पण पाण्याची रेघ मधे खोलगट दिसते. वरची कड धरायची की खालची?' आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. पुन्हा थोड्या वेळाने त्यांचंच आलं :

'विचारलं यांना. म्हणाले, खालची. ११.४.'

'आमच्याकडे नुसती भुरभुर,' हडपसरहून आलं. 'वहिनी, उद्याही कळवा.'